न वाचता केलेली खूण

दादा,

आमच्या प्रयोगशाळेत मेंदूचा एक आजार असलेल्या माणसांच्या डीएनएत पडणाऱ्या गाठींशी ताडून पाहायला एका निरोगी माणसाचं रक्त हवं होतं, म्हणून तुझं घेतलं. "लहानपणापासून रक्त पितेसच, आता नळीतून पी," म्हणालास आणि फॉर्मवर ‘निकाल कळवू नये’ या चौकटीत न वाचताच खूण केलीस. घाई मीच लावली होती.

तीच गाठ तुझ्या डीएनएतही निघाली. तीनदा तपासलं, थकले. बाबांचे हात शेवटी शेवटी थरथरायचे, तेही बहुधा यामुळेच.

हे पत्र पाठवणं म्हणजे सांगणंच, म्हणून पाठवत नाही. रविवारी तसाच कोरा फॉर्म घेऊन येते. या वेळी चष्मा लावून वाच, मग कुठे खूण करायची ते ठरव.

तुझी,
घाई करणारी धाकटी