चौथा पिंजरा

३ फेब्रुवारी १९९५

चोरी! दुसरा शब्द नाही. माझ्या साहाय्यकानं, किशोरनं, प्रयोगाच्या वहीत माझ्या चौथ्या पिंजऱ्यावर लाल रेघ मारली!

वीस गिनिपिगांना आम्ही दमा जडवला. दोन पिंजऱ्यांना आठवडाभर स्टिरॉइड टोचलं, दोन पिंजऱ्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग फुप्फुसं काढून रिसेप्टर मोजले — श्वासनळी मोकळी करणारं औषध ज्यांना चिकटतं, ते. स्टिरॉइडनं वाढले. अपेक्षाच होती. पण चौथ्या पिंजऱ्यातही वाढले — मिठाच्या पाण्यावर!

"मॅडम, काहीतरी घोळ आहे. काढून टाकू."

कसला घोळ? सांग! सांगता येत नाही. पुण्याचा हुशार मुलगा, पण आकडे वाचतो ते साहेबांच्या तोंडाकडे बघत.

४ फेब्रुवारी

साहेब म्हणजे डॉ. एकनाथराव. इथले हैदराबादचेच, त्यामुळे बोलणं हे असं — "तारामतीबाई, मार्केट खुलं झालंय. तेरा तारखेला फॉरेनच्या कंपनीचे लोक येतायत. त्यांना चौथा पिंजरा कायको दाखवायचा?"

सरकारी लायसन्सं गेली, म्हणून खरंखोटंही गेलं?

६ फेब्रुवारी

मीटिंगमध्ये वीस मिनिटं बोलले. "निकाल आवडला नाही म्हणून फेकायचा? मग ते जीव मारले कशाला?" आणि किशोरला — "माणसांना वेशीबाहेर ठेवायची सवयच आहे तुम्हाला. आता आकड्यांनाही!"

तो पांढराफटक पडला. "मॅडम, माझं म्हणणं फक्त एवढंच—"

पुरं करू दिलं नाही. चौथा पिंजरा अहवालात राहिला! चौदा एप्रिलच्या जयंतीच्या सभेत बोलतानासुद्धा इतकी शांतता मला मिळाली नव्हती.

७ फेब्रुवारी

किशोर डबा घेऊन एकटाच बाहेर बसला. बसू दे.

९ फेब्रुवारी

सखू आली. जनावरांचं खाणंपिणं, पिंजरे धुणं तिच्याकडे. आमच्या नांदेडकडची, टेंपरवारी.

"ताई, सांगू? चिडू नका. चौथा पिंजरा माझ्या दाराशीच होता. लई धापा टाकायची हो पिलं. दमा काय असतो ते मला ठावं हाय की. माझी गोळी कुस्करून चाऱ्यात घातली. रोज थोडी थोडी. मला गुण येतो, म्हटलं त्यांनाबी येईल."

गोळी बघितली. तेच स्टिरॉइड! अफझलगंजच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, चार वर्षं खातेय ही.

आणि तिचा तो गोल सुजलेला चेहरा! गेल्या दिवाळीत मीच म्हणाले होते — "सखू, हैदराबाद मानवलं गं तुला." हे औषध चेहऱ्याचं काय करतं ते मी तोंडपाठ म्हणून दाखवते! पिंजऱ्यातल्या प्रत्येक जिवाचं वजन रोज टिपलं. हिच्याकडे नीट पाहिलं नाही. सभांमध्ये कुणासाठी ओरडते मी?

"काढतील का वो मला?"

"नाही. आणि गोळी एकदम बंद करायची नाही. उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते."

१० फेब्रुवारी

डॉक्टर माझ्यावरच खेकसले. बरं झालं.

किशोरचं बरोबर होतं. घोळच होता.

१३ फेब्रुवारी

वहीत लिहिलं — 'चौथ्या पिंजऱ्याच्या चाऱ्यात स्टिरॉइड गेलं. चूक माझी.' खाली सही. आयुष्यातलं पहिलं खोटं विधान, तेही शाईनं. एकनाथरावांनी ते पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचलं. सखू दारात उभी. किशोरनं तिच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. स्टिरॉइड कुणाचं, ते त्याला कळलं!

त्यानं साहेबांच्या हातून वही घेऊन मिटली आणि पाहुण्यांना पुढच्या टेबलाकडे नेलं.