नागपुरात बांधलेलं कुर्माघर

यायो, माये, तुले जोहार.

मी नागपुरात बरी आहो. मेसमधी दोन्ही टाईम पोटभर जेवण भेटते. तू फिकर करू नोको.

कॉलेजच्या प्रदर्शनात म्या आपल्या गावासारखं कुर्माघर बांधलं, तसंच बुटकं, कुडाचं. पाळी आली का बाईले घर सोडून यात राहा लागते, हे म्या इथल्या लोकायले सांगतलं. ते वाकून आत जाते अन् सेल्फी काढून बाहेर येते. पेपरात माझा फोटो आला. गावात कोणी पाह्यला काय? बाबा चिडला काय? कुर्म्याची गोष्ट बाहेर सांगतली म्हणून गावानं दंड तर नाई ना मांगला?

ही चिठ्ठी पोचन तवा तू कुर्म्यातच असशीन. आपली लहानी रंजीता बाहेर बसून वाचून दाखवन. तिले म्हण, जोरानं वाच. छप्पर अजून गळते काय? तो साप पुन्हा निंगाला काय?

माझ्या कुर्म्याच्या दाराले म्या आतून कडी लावली होती. सर म्हणाले, "खऱ्याले कडी नाई, तर याले काऊन? काढ."

म्या काढली. गावाकडं येणाऱ्या बिरजूभाऊच्या हाती चिठ्ठीसंग तीच कडी पाठवून राह्यली. बाबा चिडला असन तरी त्याले म्हण, आपल्या गावातल्या कुर्म्याच्या दाराले आतून ठोकून दे.

सगळ्यायले जोहार.

तुही पोरगी,
जैनी