पेन्सिलीतलं नाव

३ सप्टेंबर

झारेम्बांची तीन पोरं गावच्या शाळेतून काढायला खरं काय लागलं — एक जुनी शिलाई मशीन, त्यांच्या आईला दातांच्या डॉक्टरकडे दोन खेपा, आणि माझ्या मिनीबसमध्ये खिडकीजवळच्या तीन जागा. स्वस्तात पडलं. पोलंडची साधी माणसं, माझ्याच घरात भाड्यानं राहतात. आजपासून पोरं डोंगरापलीकडच्या शाळेत, माझ्या नातीबरोबर, मार्गीबरोबर.

गावच्या पटावर बावीस होती, उरली एकोणीस. तीस तारखेला पटमोजणी. विसाच्या खाली गेलं की दोन शिक्षिकांतली एक जाते. मग शाळा किती दिवस?

९ सप्टेंबर

दुकानात मुख्याध्यापिका ब्रीद टाल्टी माझ्यामागेच रांगेत. "मार्टिन, पोरांना कशाला वेठीला धरता?"

मी म्हटलं, "बाई, गेल्या वर्षी मार्गीचं नाव घालायला आलो तेव्हा तुमचे वर्ग भरले होते म्हणे. साठ पोरांच्या इमारतीत बावीस! आता ऐसपैस बसा की."

दुकानदारीण पावामागे तोंड लपवून हसली.

११ सप्टेंबर

ब्रीदचा बाप माझा मास्तर. आम्ही फिरस्ते. माझा बाप बादल्या सांधायचा, हिवाळ्यापुरते या गावात. हजेरीपटात इतरांची नावं शाईनं, आमची पेन्सिलीनं. थंडी सरली की खोडरबर. "नाहीतरी जाणारच ही," मास्तर हळूच म्हणायचा. मी दाराशी बसायचो, पण कान तिखट.

गेलो नाही. भंगाराचं आवार, सहा घरं, बस — सगळं याच गावात उभं केलं. आणि मार्गीला जागा नाही!

१७ सप्टेंबर

झारेम्बाची बायको म्हणाली, "मालक, धाकटा बसमध्ये रोज ओकतो." पिशव्या दिल्या.

२१ सप्टेंबर

पबमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं — माझ्या घरातलं कुणी त्या शाळेची पायरी चढणार नाही. टाळ्या पडल्या. बिअर मीच पाजली होती, ते असो.

२७ सप्टेंबर

मार्गीची आई, माझी लेक नोरीन, जेवताना म्हणाली, "बाबा, ब्रीदबाई दारात येऊन गेल्या, मार्गीला जागा आहे म्हणाल्या. शाळा पाच मिनिटांवर आहे. पोरगी पाऊण तास बसमध्ये असते."

"तीन दिवस थांब."

"तुमचे तीन दिवस. तिची शाळेची सहा वर्षं."

बटाटे गार झाले.

३० सप्टेंबर

पटावर वीस. दोन्ही शिक्षिका राहिल्या. विसावं नाव मार्गीचं. सकाळी नोरीननं घातलं, ब्रीदबाईंनी तिच्यासमोर लिहिलं — शाईनं.