मागचा डावा कोपरा

बाबा, सतरा मे एकोणीसशे छप्पन, सकाळी साडेनऊ. किन्हीराजाच्या आपल्या घरासमोर कडुनिंबाखाली जीप उभी होती आणि तुम्ही मला म्हणालात, "धाकटीची जागा समोर हाय. तिले कायले उठवू?" एवढंच वाक्य. तुम्ही ते जेवायच्या आत विसरला असाल. मी विसरले नाही, आणि काल जे घडलं त्यानंतर गप्प राहायचं काही कारणही उरलेलं नाही.

लष्कराच्या लिलावातून घेतलेली ती जीप तुमच्या जिवाची होती. आई गेल्यावर तर जास्तच. समोर स्टिअरिंगपाशी तुम्ही, शेजारी धाकटी, आणि मागच्या डाव्या बाकावर पोत्यांच्या सोबतीला मी. त्या उन्हाळ्यात मी मिशनच्या इंग्रजी बोर्डिंगातून सुट्टीला आले आणि जीप आवाज करू लागली. खड्डा आला की मागून डावीकडून आधी कुईं, मग टक. मी नसताना हा आवाज येत नव्हता, कारण मी नसताना तिथं कुणी बसतच नव्हतं. हे साधं कारण मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही मान मागे टाकून हसलात. "मेमसाब मांगं बसली का गाडी कुरकुर करते. इंग्रजीत करते का मराठीत, आयक बरं!" धाकटीनं समोर बसून टाळ्या पिटल्या. तिला विनोद कळला नव्हता, टाळ्या मात्र कळत होत्या.

त्या सकाळी तुम्ही आवाजाचा माग काढायला निघता. आधी सगळे नटबोल्ट आवळता, चाकांवरच्या कमानीच्या पाट्यांत ग्रीस भरता. मग मला मागे बसवून घरापुढच्या चाकोरीतून जीप नेता. कुईं, टक. मला उतरवून पुन्हा नेता. आवाज नाही. "पाय, म्या काय म्हनत होतो!" मी म्हणते, "बाबा, एकदा धाकटीला माझ्या जागी बसवा, मी समोर बसते. तिच्या वेळीही आवाज आला तर दोष गाडीचा. नाही आला तर माझा, मी कबूल करीन." पुढे सारी नोकरी मी मुलांना विज्ञान शिकवण्यात घालवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं, याहून वेगळं मी त्यांना काय सांगितलं? आणि तुम्ही ते वाक्य बोललात. धाकटीनं सीटची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, जसं काही मी तिचं राज्यच हिसकावून घेणार होते.

दुपारी तुम्ही जीपखाली पोतं अंथरून आडवे झालात, कमानीखाली पहार घालून ती वर उचललीत आणि दोष सापडला. कमान जिथं गाडीच्या सांगाड्याला लटकते त्या शॅकलमधला बुश, म्हणजे पिनीभोवतीची नळी, झिजून गेला होता. भार पडला की आतली पिन आधी घासायची, मग आदळायची. अकोल्याहून नवा बुश आला, तुम्ही तो बसवलात, आणि आपण मेडशीपर्यंत जाऊन आलो. कुठं हूं नाही की चूं नाही. मी वाट पाहत होते, आता तरी तुम्ही काही म्हणाल. म्हणालात की! शेलूबाजारात भेटेल त्याला सांगितलंत, "मेमसाबची कुरकुर गेली एकदाची." बुशाचं नाव कुणापुढे काढलं नाहीत. माझ्या लग्नातही मामा मला कुरकुर म्हणूनच हाक मारत होते.

मला धाकटीचा हेवा वाटतो, बाबा. वाटायचा असं लिहायला घेतलं होतं, पण वाटतो हेच खरं. तिला समोरून येणारा रस्ता दिसायचा, गिअरवरचा तुमचा हात दिसायचा. वाटेत बैल आडवा आला की तुम्ही त्याला "सरका पाटील" म्हणायचात, ते तिला ऐकू यायचं, आणि मला नुसतं तिचं हसणं. मला दिसायची तुमची मान, आणि मागं वळलं की धूळ.

काल धाकटीचा मुलगा आम्हां दोघींना त्याच्या नव्या मोठ्या गाडीतून मेडशीला घेऊन निघाला. अजूनही ती समोर, मी मागे डावीकडे. पहिल्याच गतिरोधकावर मागून टक. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "मावशी, तुमी समोर या. आई, तू जराशी मांगं बस. आवाज कुठून येऊन राह्यला ते पाहू."

इतकं सोपं होतं, बाबा.

पुढच्या गतिरोधकावर पुन्हा टक. मागे डावीकडून, धाकटीच्या खालून. मी मुद्दाम वळून विचारलं, "आता कोण कुरकुर करून राह्यलं वं?"

"माय वं! तू अजून त्यातच हायेस का? मांगं बसलं का मले ओकारी येत होती, म्हनून बाबा समोर बसवत. बाकी काही नाही." एवढं बोलते तोच तिचा चेहरा पांढरा पडला, गाडी थांबवावी लागली, आणि ती बाभळीच्या बुंध्याशी वाकली. येताना ती समोर बसली. आज गॅरेजवाल्यानं मागच्या डाव्या शॉकअपचा बुश बदलून दिला.

पण समोर तीच का, हे मी तिला विचारलं नव्हतं. मी तुम्हाला विचारते आहे. बोर्डिंगात काही चुकलं की सिस्टर कारण लेखी मागायच्या आणि मुदतही ठरवून द्यायच्या. ती सवय मला तिथंच लागली आणि तिथं तुम्हीच पाठवलं होतंत. पितृपक्ष लागलाच आहे, धाकटीच्या हातच्या खिरीला तुम्ही येणारच. पाकिटावर पत्ता काय घालावा ते मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील. उत्तर मात्र सर्वपित्री अमावस्येचा दिवस मावळायच्या आत, लेखी, माझ्या पत्त्यावर यावं. त्यात ओकारीचं कारण चालणार नाही. ते मला तेव्हाही माहीत होतं. बैलांच्या दमणीतून मामाच्या गावाला जाताना तिच्या तोंडापुढे रुमाल मीच धरायची. दुसरं काही असेल तर लिहा.