सक्तीचा अबोला

१५ सप्टेंबर

भर जेवणात भांडले दोघं! पिरोही, आमच्या उकडलेल्या करंज्या, अजून वाफाळत होत्या. ओरेस्ट म्हणाला, "तुम्हा खेळाडूंना अजून किती हवंय रे? मालकांनी काय आता घर विकून द्यायचं?" झालं. कर्टिसने काटा खाली ठेवला. "मालकांच्या पायपुसण्याशी मी बोलत नाही," म्हणाला आणि उठला. माझ्या नवऱ्याला! माझ्याच टेबलावर!

दोघं एकाच आइस हॉकी टीमचे, हेच खरं दुखणं. माझा नवरा तिचा सहायक प्रशिक्षक, म्हणजे मालकांचा माणूस. जावई तिचा खेळाडू, म्हणजे खेळाडूंच्या युनियनचा. एरवी हे दोघं एकत्र बसले की मला नि लेकीला, लॅरिसाला, तोंड उघडायला जागा नसते. आणि आज रात्री युनियनचा करार संपतोय, नवा ठरलेला नाही, म्हणून मालक खेळाडूंना बाहेर काढून टाळं लावणार.

लॅरिसा स्वयंपाकघरात येऊन रडली. पोरीला तिसरा महिना लागलाय. अजून कुणाला कळता कामा नये, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलंय.

उद्या दोघांनाही एकमेकांची माफी मागायला लावते. लावतेच.

१६ सप्टेंबर

माफी कसली! सकाळीच ओरेस्टला टीमच्या कचेरीतून फोन. टाळेबंदी उठेपर्यंत टीमच्या कुठल्याही नोकराने कुठल्याही खेळाडूशी एक शब्द बोलायचा नाही. बोलला तर जबर दंड, वर नोकरीवर पाणी.

"आणि जावई असला तर?"

"विचारलं मी. जावयाशीसुद्धा नाही."

"घरात कोण बघायला येतंय?"

ओरेस्टने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू आहेस ना, स्टेफी. तू नेटीला सांगणार, नेटी सगळ्या डॉफिन गावाला सांगणार."

नेटी म्हणजे माझी बहीण. तिला मी सगळं सांगते, हे खरं आहे. पण ती काही सगळ्या डॉफिनला सांगत नाही. निम्म्याच!

२ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात पिरोही वळायला बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, लॅरिसा हल्ली फिकट दिसते. मी फक्त म्हटलं, "होतं असं पहिल्यांदा." एवढंच म्हटलं!

संध्याकाळपर्यंत तीन बायकांनी लोकरीचे मोजे आणून दिले. लॅरिसा कडाडली. "आई, तुझ्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही!"

मोजे छान आहेत मात्र.

९ ऑक्टोबर

लॅरिसा-कर्टिसने शहरातलं घर सोडलं. टाळेबंदी उठेपर्यंत इथेच वरच्या खोलीत राहणार. मला आनंद झाला, पण टेबलाचं काय सांगू! एका टोकाला ओरेस्ट, दुसऱ्या टोकाला कर्टिस, मध्ये मी.

"स्टेफी, त्याला सांग, फावडं ओलंच गॅरेजमध्ये ठेवू नकोस."

"आई, त्यांना सांगा, ऐकू आलं."

मी तीस वर्षं पोस्टात काढली. वसंतात निवृत्त झाले आणि उन्हाळाभर सकाळी खिडकीशी बसून राहिले. केस विंचरायचाही कंटाळा यायचा. कुणाला बोलले नाही, पण फार वाईट गेला तो उन्हाळा. आता पुन्हा टपाल सुरू! रोज साडेसहाला उठते. कोण कधी काय निरोप देईल, नेम नाही.

१४ नोव्हेंबर

स्वित्झर्लंडच्या एका क्लबने कर्टिसला बोलावलंय. येत्या उन्हाळ्यापासून दोन वर्षं. मार्चच्या मध्यापर्यंत हो-नाही कळवायचं.

"जाणार?" मी लॅरिसाला विचारलं.

"तो म्हणतो, इथे थांबायचं कुणासाठी? बाबा मला बघून मान फिरवतात."

"त्यांना बोलायची बंदी आहे गं!"

"बघायची नाहीये ना, आई."

एप्रिलअखेर बाळ यायचं. म्हणजे उन्हाळ्यात उचलून घेऊन जाणार! नातवंडाचं पहिलं पाऊल मी फोटोत बघायचं. नाही. हे मी होऊ देणार नाही.

१५ नोव्हेंबर

रात्रभर विचार केला. पोस्टात असताना कुणाचं पाकीट कधी उघडलं नाही. आता उघडणार. उघडणार, वाचणार, आणि आत दुसरंच घालून पोचवणार!

सकाळी ओरेस्ट म्हणाला, "त्याला सांग, गाडी माझ्या जागेवर लावलीय." तो दाढी करायला गेल्यावर मी कर्टिसला म्हटलं, "बाबा विचारत होते, तुझी पाठ कशी आहे. थंडीत दुखते ना?"

कर्टिसच्या भुवया वर गेल्या. "बाबा? माझी पाठ?"

"त्यांनाच काळजी हो."

गाडी मी स्वतःच हलवली. कुंपणाला जरा घासली.

५ डिसेंबर

तळं घट्ट गोठलं. ओरेस्टने बर्फाला भोक पाडून मासे धरायचं खोपटं ओढत नेऊन तळ्यावर उभं केलं. खोपटं एक आणि माणसं दोन, म्हणून पाळ्या ठरल्या (माझ्यामार्फत). सकाळी ओरेस्ट, दुपारी कर्टिस.

कर्टिस म्हणाला, "त्यांना सांगा, शेगडीतली राख काढून ठेवत जा म्हणावं."

मी ओरेस्टला सांगितलं, "कर्टिस म्हणतो, बाबांशिवाय खोपट्यात करमत नाही. आणि सप्टेंबरात जे बोललो ते बोलायला नको होतं."

जीभ चावली. जरा जास्तच झालं. ओरेस्ट बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला, मग घालून तळ्यावर निघून गेला. तेव्हा कर्टिसची पाळी होती हे माझ्या नंतर लक्षात आलं. चुकला असेल. वय झालं.

२० डिसेंबर

मासेच मासे! फ्रीझर बंद होईना. ओरेस्टची सकाळ हल्ली दोनपर्यंत चालते आणि कर्टिसची दुपार अकरालाच सुरू होते. हिवाळ्यात दिवस लहान, त्याला ते तरी काय करणार.

टपाल जोरात आहे. कालचे निरोप:

खरा – "त्याच्या घोरण्याने भिंत हलते." पोचवला – "तू घरात आहेस म्हणून बाबांना शांत झोप लागते."

खरा – "त्यांच्या खोकल्यामुळे मला झोप येत नाही." पोचवला – "तुमचा खोकला ऐकून त्याला काळजीने झोप येत नाही."

हा दुसरा तर जवळपास खराच आहे.

६ जानेवारी

आमची, जुन्या पंचांगाची, नाताळची रात्र. बारा पदार्थ केले, लॅरिसाने खुर्चीवर बसून हुकूम सोडले. गव्हाची मध-खसखस घातलेली खीर पहिली. घरातल्या पुरुषाने एक चमचा छताला फेकायची, चिकटली की वर्ष चांगलं. ओरेस्टने चमचा उचलला, मग थांबला आणि न बोलता कर्टिसपुढे धरला.

कर्टिसने फेकली. गडी बर्फावर शंभर पावलांवरून नेम धरतो, पण खिरीचा सराव कुठला! छताला लागली, सुटली आणि थेट ओरेस्टच्या टकलावर.

लॅरिसाने पोट धरलं. मी देवाचं नाव घेतलं. ओरेस्टने डोक्यावरून बोट फिरवलं, चाटलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याला सांग, मध कमी आहे."

"मध मी घातलाय!" मी ओरडले.

हसून हसून कर्टिस टेबलाखाली गेला. ओरेस्टही हसत होता, खांदे गदगदत होते. हसायला बंदी नाही म्हणे, फोनवर तसं काही सांगितलं नव्हतं.

छताला थोडी राहिलीये. पुसणार नाही.

१६ फेब्रुवारी

रद्द. अख्खा मोसम रद्द. टीव्हीवर कोट घातलेल्या माणसाने सांगितलं. एकही सामना होणार नाही.

ओरेस्ट तीस हिवाळे या खेळात आहे, असा रिकामा एक नाही. तो उठला, कोट घातला, तळ्यावर गेला. थोड्या वेळाने कर्टिस म्हणाला, दूध आणतो. दूध घरात भरपूर होतं. दोघंही अंधार पडल्यावर आले. कर्टिस दूध विसरला होता.

लॅरिसा म्हणते, आता स्वित्झर्लंड नक्की. "खेळायला तर हवं ना त्याला, आई." मी हो म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

उद्यापासून निरोप आणखी गोड करणार. दुसरं माझ्या हातात काय आहे?

२ मार्च

ओरेस्ट: "त्याला सांग, आमिष संपलंय." मी: "बाबा म्हणतात, तू गेलास तर या घरात हसायला कुणी उरणार नाही." कर्टिसने माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं की मला वाटलं, पकडले गेले. मग म्हणाला, "त्यांना सांगा, आभारी आहे."

ओरेस्टला सांगितलं, "आभार मानले त्याने." ओरेस्ट म्हणे, "आमिषाबद्दल?"

११ मार्च

झालं! जमलं!

रात्री जेवताना कर्टिस उभा राहिला. चर्चमध्ये राहतात तसा. "आई, बाबांना एक निरोप सांगा. मी स्वित्झर्लंडला नाही म्हणून कळवलं. टाळेबंदी उठेपर्यंत इथल्या पोरापोरींना खेळ शिकवीन. आणि सप्टेंबरात जे बोललो त्याबद्दल माफ करा."

टेबलाचं दुसरं टोक तीन हातांवर. मी ओरेस्टकडे वळले आणि शब्दन् शब्द सांगितला. काही बदललं नाही. बदलायला काही नव्हतंच! ओरेस्ट म्हणाला, "त्याला सांग, मीही चुकलो." तेही तसंच्या तसं पोचवलं.

लॅरिसा माझ्या गळ्यात पडली. "आई, हे तू केलंस!" मी नको नको म्हटलं. पण केलं मीच! साखर घालून घालून दगड मऊ केले. नेटीला रात्रीच फोन लावला, एक तास बोलले.

१३ मार्च

आनंदाने बीटचं सूप केलं आणि कर्टिसची पाळी म्हणून डबा घेऊन तळ्यावर गेले. खोपट्यातून दोन आवाज येत होते.

"काल माझ्या नावाने काय सांगितलं आईंनी?" कर्टिसचा.

"की माझे लोकरी मोजे तुला वडिलांची आठवण करून देतात."

"मी म्हणालो होतो, मोज्यांना वास येतो!"

दोघं खो खो हसले. मग कर्टिस म्हणाला, "डिसेंबरपासून रोज इथे बोलतोय आपण. आता तरी सांगूया ना त्यांना?"

"नको. डॉफिनला कळेल, मग कचेरीला. आणि रोज सकाळी कशी टवटवीत उठते बघतोस ना? गेल्या उन्हाळ्यात केससुद्धा विंचरत नव्हती." ओरेस्ट पुढे म्हणाला, "शिवाय तिच्या तोंडचा मी माझ्यापेक्षा बरा माणूस आहे. ती खोटं बोलली नसती, तर त्या दिवशी मी इथे आलोच नसतो. चालू दे."

डबा घेऊन तशीच माघारी आले. अर्ध्या वाटेवर बर्फात बसून रडले, मग हसले, मग सूप मीच प्यायले.

रात्री ओरेस्ट म्हणाला, "त्याला सांग, मीठ दे." मी कर्टिसकडे वळले. "बाबा म्हणतात, पोटचा मुलगा असता तरी त्याच्यावर इतकी माया केली नसती." दोघांनी एकदम ताटात माना घातल्या.

आत्ताच नेटीचा फोन होता. फक्त गुडघेदुखीवर बोललो.