आज काय खादं?

प्रिय भिका,

आज अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. तू गेल्यावरची पहिली. तुझ्या घरी तुझ्या नावाची घागर भरली, निखाऱ्यावर घास ठेवून आगारी टाकली, आणि मी मेहरूणच्या तलावाकडून चालत घरी आलो तो थेट कागद घेऊन बसलो. सूनबाई म्हणाली, "नाना, भर उन्हात आलात, जरा पडा." पडून काय करू? तुझ्याशी बोलायचं राहून गेलं आहे. तिथे बोलायला गेलो आणि जमलं नाही रे!

तुला आठवतं, धरणगावच्या शाळेत गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे? तू उभा राहिलास की पहिल्या ओळीतच अडकायचास. मी मागच्या बाकावरून पुढची ओळ पुटपुटायचो. मोबदल्यात मधल्या सुट्टीत तुझ्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी अर्धी माझी. मला कविता पाठ, तुला चव पाठ. भाकरीत उडीद जास्त पडलाय की ज्वारी, हे तू पहिल्या घासाला सांगायचास. आणि अशा माणसाची अन्ननलिकाच बंद व्हावी? देवाला दुसरं काही सापडलं नाही?

पोटात नळी बसवून तू घरी आलास तेव्हा मी हादरलो होतो. त्या नळीतून पातळ पांढरं काहीतरी सोडायचे. तू त्याच्याकडे बघायचासुद्धा नाहीस. मला वाटलं, याच्यासमोर खाण्याचं नाव काढायचं नाही. घरी सगळ्यांनी तेच ठरवलं होतं. सुमनवहिनींनी तर घरात फोडणी द्यायचंही बंद केलं होतं. मी हवापाण्याच्या गोष्टी करत बसलो. तू ऐकून घेतलंस आणि घोगऱ्या आवाजात म्हणालास, "ते जाऊ दे, वामन्या. आज काय खादं?"

मी वहिनींकडे पाहिलं.

"सांग ना रे! तोंड बंद मनं शे, कान नहीत."

मग मी सांगितलं. शेवभाजी, बाजरीची भाकरी, कांदा. तू डोळे मिटलेस. "मंग?" म्हणालास. तर्री कशी होती, शेव भाजीत कधी टाकली, आधी की ताटात घेताना, कांदा चिरलेला की बुक्कीनं फोडलेला! एका साध्या जेवणाचं एवढं विचारतात, हे मला वयाच्या पंचाहत्तरीत कळलं. निघताना वहिनी दाराशी उभ्या होत्या. पदर डोळ्याला लावलेला, पण हसत होत्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास रस्त्यापर्यंत आला.

तेव्हापासून रोज दुपारी मी तुझ्याकडे. तो माझा तास आणि तू माझा वर्ग! माझी कवितेची जुनी खोड तुला ठाऊकच. एकदा सांगायला लागलो, "ताटात भाकरी अशी, जणू पुनवेचा चंद्र ढगातून..." तू हात वर केलास. "चंद्र ऱ्हाऊ दे. भाकर कितली जाड व्हती ते सांग."

मी रावेरकडे लग्नाला गेलो, तर परतताना रस्त्यावर कढईतून काढलेले केळीचे वेफर खाल्ले ते फक्त तुला सांगायला. बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा पोट भरल्यावरही पुन्हा वाढून घेतला, कारण पहिल्या वाटीत तिखटाकडे माझं लक्ष नव्हतं आणि तू विचारशील ही खात्री. सूनबाई हसायची, "नाना, या वयात भूक वाढली हो तुमची!" तिला काय सांगू? दोघांचं जेवत होतो मी.

आणि मग तो जेठातला दिवस. त्या सकाळी तुला पाहून गेलो होतो. हाडांवर नुसती कातडी. घरी ताटावर बसलो आणि घास उचलेना. ताट तसंच सारलं. दुपारी तू विचारलंस, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी तुझ्या सगळ्यांत आवडीचं सांगितलं. वांग्याचं भरीत! कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, लाकडी बडगीत ठेचलेलं, वर कांद्याची पात. रंगवून रंगवून सांगितलं. तू "मंग?" म्हणाला नाहीस. एकदाही नाही.

"जेठमा भरीत?" तू डोळे उघडलेस. "या उन्हाना वांगामा नुसत्या बिया ऱ्हातस. कडू. कोणी करं तुले भरीत?"

खानदेशातला जन्म माझा, आणि मी उन्हाळ्यात भरीत खाऊन आलो! मान खाली घालून म्हणालो, "आज जेवलो नाही भिका."

तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. मग अगदी हळू, लहान पोरानं तक्रार करावी तसं म्हणालास, "तू जेवना नही... मंग आज मी बी उपाशीच ऱ्हायनू ना."

तुझं हे वाक्य प्रत्येक ताटावर मला ऐकू येतं, भिका. अजूनही.

त्यानंतर तू असेपर्यंत मी एक ताट सोडलं नाही. आवडलं नाही तरी खाल्लं, आणि आवडलं नाही तेही सांगितलं. "डाळ अळणी होती." "बरं व्हयनं, मनी बी अळणीच शे," म्हणून तू त्या नळीकडे बोट दाखवलंस. हसवलंस, मेल्या! श्रावणात गेलास. शेवटी ऐकलंस ते काय, तर दूध-भाकरी. साधी दूध-भाकरी. निदान गोडधोड तरी सांगायचं होतं रे मला तुला.

मग हिवाळा आला. भरताची वांगी आली, मोठी, हिरवीगार. शेताशेतांवर भरीत-पार्ट्या झाल्या, मलाही बोलावणी आली. गेलो नाही. घरात सगळे विचारतात, "जेवण झालं का नाना?" मी म्हणतो, "झालं." संपलं. त्यापुढे "मंग?" म्हणणारं कोणी नाही. ताटात काय होतं ते हात धुवेपर्यंत मी विसरलेला असतो.

आणि आज. खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, सगळं होतं. तुझ्या पोरानं जळत्या गोवरीवर तुझ्या नावाचा घास ठेवला, वर तूप सोडलं. धूर झाला. मला तो घास पाहवेना. तुझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं, तुला घास कसला देता? वहिनींनाही तेच वाटलं असावं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा ना त्यासले. तुमना तोंडनंच त्यासले गोड लागे."

मी निखाऱ्यापुढे बसलो. "भिका, आज मांडे..." एवढंच म्हणालो. पुढे? मी तर अजून चाखलंच नव्हतं. न चाखलेलं तुला कसं सांगू? पानावर बसलो. मांडा रसात बुडवला, तोंडात घातला. सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनींनी तर वाढायचा हातच थांबवला.

काही लागलं नाही, भिका. गोड नाही, आंबट नाही, तुपाचा वास नाही. ओला कागद चावावा तसं. "छान झालेत," असं मी वहिनींना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि न बोलता वळून रसाचं पातेलं आत घेऊन गेल्या. त्यांना कळलं. इतके दिवस दाराआडून त्याही ऐकत होत्याच की!

तेव्हा तुला खोटं लिहीत नाही. मांडे मऊ होते असं लिहिता आलं असतं. जीभ थंड करणारा रस, पिवळाधमक, जणू... नाही, चंद्र-सूर्य राहू दे. आज मी जेवलो आणि जेवलो नाही. म्हणजे आज सणासुदीला तुझ्या दारात तू उपाशी आहेस, आणि हे फक्त आपल्या तिघांना ठाऊक आहे.

एवढा शब्द देतो. तुला पुन्हा जेठातलं भरीत वाढणार नाही. रोज ताटावर बसेन, रोज घास घेईन, सावकाश चावेन. एखाद्या दिवशी, मिठाच्या खड्याची का होईना, चव लागली, तर ती आधी तुला सांगेन, मग पाणी पिईन. लागेल असं मात्र मला वाटत नाही. तोवर तुला उपाशीच राहावं लागेल, गड्या. मीही आहे सोबत.

तुझा मागच्या बाकावरचा,
वामन्या