तीन काटकोनांचा त्रिकोण

मात्सुमोतो, २० फेब्रुवारी

प्रिय मित्सुहो,

माझी मागची दोन पत्रं तू न उघडता परत पाठवलीस. हे तेवढं वाच. तुझ्या घराचं दार मला कधी उघडेल का, एवढंच विचारायचं आहे.

तुझ्या आईची नजर अधू झाल्यापासून तिच्या तेमारी चेंडूंवर रंगीत नक्षीचा दोरा मी चढवतो आणि ती शेजारी बसून हुकूम सोडते. “अहो मास्तर, चेंडू आहे तो, फळा नव्हे! ओढू नका एवढा!” काल कागदाची पट्टी चेंडूभोवती फिरवली, घड्या घालून पाव भाग काढला, त्या अंतरावर सहा टाचण्या टोचल्या आणि दोरा ताणला. आठ सारखे त्रिकोण झाले, कुठे फट नाही. सहज एकाच्या कोपऱ्यावर पोस्टकार्डाचा कोपरा टेकवला. काटकोन. दुसऱ्यावरही काटकोन. आणि तिसऱ्यावरही! मित्सुहो, मी तिन्ही कोपरे पुन्हा तपासले.

मग त्याच्या पोटात नखाएवढा त्रिकोण विणला. त्याच्या कोनांची बेरीज एकशेऐंशीच्या जेमतेम वर. कागदावर त्रिकोण कितीही मोठा करा, कोन तसेच राहतात. इथे आकार वाढला की कोन फुगतात! एवढ्याशा चेंडूवर आकार आणि माप एकमेकांना सोडायला तयार नाहीत. देवळात वाकत नाही असा मी माणूस, पण काल वाकलो.

बारा वर्षांची असताना तू माझ्या भर वर्गात हेच म्हणालीस, आईच्या चेंडूवर तीन काटकोनांचा त्रिकोण होतो. लोकांना वाटतं, मास्तरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं! पुस्तकात वाचलेलं होतं, फक्त हाताने कधी करून पाहिलं नव्हतं. सत्यासाठी सभा गाजवणारा मी, स्वतःच्या मुलीपुढे माघार घ्यायला घाबरलो. “मग आईलाच बोलाव शिकवायला,” म्हणालो. वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस. हा भित्रेपणा होता, आणि त्याला दुसरं नाव देऊन मी सुटणार नाही.

दाराचं विचारलं, पण आता पत्राचं खरं कारण. परवा इतोकाचं पत्र आलं, तुला न सांगता लिहिलेलं. तिला रागावू नकोस. तूही चेंडू विणतेस हे त्यातूनच कळलं. ती लिहिते, “आजोबा, आई म्हणते तुम्हाला काही विचारायचं नाही. पण चेंडूवर चारही काटकोनांचा चौकोन का जमत नाही?” उत्तर मला येतं, मित्सुहो. तू हो म्हणालीस तरच लिहीन.

तुझाच,
बाबा